आक्काची हिरवी बाटली

आमच्या घरमालकिणीनं एकदा फुटाणेवाल्याला खडे परत केले होते. पुडी घरी आणून सोडली तर त्यात चार खडे निघाले. चार! दुसरं कुणी असतं तर खडे फेकून देऊन फुटाणे तोंडात टाकले असते. हिनं पदर खोचला, खडे मुठीत घेतले आणि भर बाजारात जाऊन त्याच्या टोपलीशी उभी राहिली. "ह्ये तुजं दगडं तुला परत. ह्येंच्या भारोभार फुटाणं घाल." त्यानं आधी हसून बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं तराजू उचलला. खड्यांच्या बदल्यात मूठभरही फुटाणे आले नाहीत. जे आले ते तिनं परत येताना वाटेतल्या एका शेळीला घातले. मी विचारलं, "मग गेलीस कशाला एवढी उन्हातनं?" तर म्हणाली, "मला फुटाणं कुठं पायजे हुतं? त्येच्याकडं माजं काय ऱ्हायलं न्हाय पायजे, एवढंच."

तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी ती "मी जातो, मी येतो" असंच बोलायची, आणि तिचा आवाज ऐकून एखादा नवखा माणूस घरात पहिलवान राहतो असं समजला असता. नवरा महाराजांच्या घोडदळात स्वार होता, तो तरणा असतानाच गेला. मागं राहिलं एक कौलारू घर आणि दोन म्हशी. घराच्या खोल्या तिनं पाच बिऱ्हाडांना दिल्या होत्या, म्हशींचं दूध ती गल्लीत घालायची. मी त्या पाचांतला एक. बाकीच्या बिऱ्हाडांसारखं मलाही तिला "अगं आक्का" म्हणायला तिनं पहिल्याच आठवड्यात भाग पाडलं. ती मात्र मला शेवटपर्यंत "पावणं" आणि "तुमी" म्हणाली. "भाडेकरू म्हंजे पावणाच की. आज हाय, उद्या न्हाय." तिच्या घरात मी सतरा वर्षं काढली, तरी पावणाच राहिलो.

ती फक्त मागून घेणारी होती असं कुणाला वाटेल, म्हणून दुधाची गोष्ट सांगायलाच हवी. एकदा सकाळी दूध घालून आल्यावर तिच्या लक्षात आलं की माप धुतल्यावर त्यातलं पाणी नीट निथळलं नव्हतं. घोटभर पाणी! कुणाच्या वाट्याला ते गेलं कुणास ठाऊक. संध्याकाळी आक्का प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात, हातात चरवी घेऊन. "सकाळी तुमच्यात पाणी आलं आसंल. न्हाईतर शेजारच्यात आलं आसंल. भांडं आणा." असं करत तिनं ज्यांना पाणी गेलं नव्हतं त्यांनाही दूध वाटलं. त्या दिवशी तिच्या स्वतःच्या चहाला दूध उरलं नाही, आणि त्याचा राग तिनं म्हशीवर काढला.

आणि आता बाटली.

त्या काळी औषधाच्या दुकानात जायचं तर आपली बाटली आपण न्यायची असा रिवाज होता. कंपाउंडर तीत औषध भरायचा, कडेला खाचा कातरलेली कागदाची पट्टी बाहेरून चिकटवायचा आणि एका वेळी एक खाच औषध घ्या म्हणून सांगायचा. काच महाग. गरिबाच्या घरी बाटली कुठली? आमच्या पाच बिऱ्हाडांत मिळून एकच होती, ती आक्काची. हिरवी, चपट्या पोटाची, गळ्याशी एक टवका उडालेली. नवऱ्यानं कधीतरी मुंबईहून गुलाबपाणी आणलं होतं, त्याची. ती तिच्या पेटीत लुगड्याच्या घडीत असायची. कुणालाही ताप आला, पोट बिघडलं, की पेटी उघडायची आणि बाटली बाहेर यायची. अट एकच, बरं वाटल्यावर धुऊन परत. परत आल्यावर ती बाटली नाकाशी धरायची. जरासा जरी वास आला तरी माघारी द्यायची. "अजून धुवा. आजार आत बसलाय." आमच्या घरातलं कुणी औषधाला गेलं की दुकानातला कंपाउंडर माणसाकडे बघायच्या आधी बाटलीकडे बघायचा आणि ओळखायचा.

त्या वर्षी माझं लग्न नवीन होतं. मी दरबारच्या दप्तरखान्यात कारकून. आमच्या घराण्यात नांगर सोडून लेखणी धरलेला पहिलाच, तेही महाराजांनी आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी शाळा आणि नोकऱ्या उघडल्या म्हणून. सासर गडमुडशिंगीचं, मोठे शेतकरी. सासऱ्यांना नांगरावर जेवढा विश्वास तेवढाच लेखणीवर संशय. तरी मुलगी दिली. ती आली, आणि दोन महिन्यांतच तिला तापानं धरलं. उतरायचा, पुन्हा चढायचा. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. त्या चिठ्ठीतलं एक औषध दुकानात नव्हतं, रेल्वेनं येणार होतं. कंपाउंडर म्हणाला, "पैसं आज भरा. उद्या बाटली घिऊन या, भरून देतो." चौदा आणे भरले. माझ्या पगारात ते थोडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी आक्काकडून हिरवी बाटली घेऊन गेलो, तर दुकानाला कुलूप! रातोरात शहरात उंदीर मरायला लागले होते आणि सकाळपासून दवंडी फिरत होती. प्लेग. सगळ्यांनी गाव सोडायचं. कसबा बावड्याकडच्या रानात आम्ही गवताच्या झोपड्या बांधल्या. आक्का दोन्ही म्हशी आणि पेटी घेऊन शेजारच्या झोपडीत. तिसऱ्या दिवशी सासरे बैलगाडी घेऊन आले. मुलगी तापानं फणफणलेली. "औशिद?" मी सांगितलं, पैसे भरलेत, दुकान बंद झालं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझंच बोलणं खोटं वाटायला लागलं. मुलीला गाडीत घातलं आणि घेऊन गेले. गावाकडं ती काढ्यांनी आणि मोकळ्या हवेनं बरी झाली.

इथवर सगळं ठीक होतं. चार-पाच महिन्यांनी प्लेग हटला, शहर भरलं, दुकानं उघडली. सासरे गूळ घेऊन बाजाराला आले होते. जाता जाता ते स्वतः त्या औषधाच्या दुकानात गेले आणि माझं नाव सांगून विचारलं. कंपाउंडरनं वही उघडली, बोट ठेवलं, म्हणाला, "ह्ये बघा. दिलंय."

झालं! सासऱ्यांनी तिथून थेट माझं घर गाठलं, अंगणात उभ्या उभ्या पाच बिऱ्हाडांच्या समोर म्हणाले, "ज्यानं बायकूचं औशिद खाल्लं, त्येच्या दारात माजी पोरगी यायची न्हाय." आणि गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. कंपाउंडरनं लांबूनच वही दाखवली. "दिले" असं लिहिलेलं होतं. आता माझा स्वभाव सांगतो, हसू नका. मी दप्तरखान्यातला माणूस. दिवसभर लिहिलेल्या कागदांत वावरायचं, लिहिलेलं खरं, न लिहिलेलं खोटं. त्या वहीतला तो शब्द बघून मी परत आलो, आणि रात्री आढ्याकडे बघत पडल्या पडल्या मला खरोखर शंका यायला लागली, मी औषध आणलं होतं की काय? कुठं ठेवलं असेल? दोनदा उठून फळी चाचपली. असा महिना गेला. गडमुडशिंगीला दोन निरोप पाठवले, दोन्हींना उत्तर नाही. जेवण जाईना. बायको कायमची गेली असं मनानं धरलं आणि ते कुणाला सांगायची लाजही वाटायची.

आक्का एवढे दिवस गप्प कशी राहिली, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. ती माझी वाट बघत होती. "ज्येचं त्येनं मागावं," हा तिचा आणखी एक नियम. पण एका सकाळी मी दुधाचं भांडं पुढं करून तसाच उभा राहिलो, दूध कधी घातलं गेलं तेही कळलं नाही, तेव्हा तिनं चरवी खाली आपटली.

"पावणं, औषधाचं पैसं भरलासा का न्हाई?"

"भरले."

"औषध मिळालं का?"

"आक्का, वहीत लिहिलंय की दिलं म्हणून."

"मी वहीला इचारलं न्हाई. तुमास्नी इचारलं."

"नाही मिळालं."

"मग पैसं परत आणाया जायचं. आत्ता."

"पैशाचं काय घेऊन बसलीस आक्का? माझी बायको..."

"आवो, त्येच्यासाठीच!" ती एवढ्यानं ओरडली की म्हशीनं मान वर केली. "त्येनं पैसं परत दिलं म्हंजे काय झालं? औषध दिलंच न्हवतं आसं झालं का न्हाई? मग तुमचा सासरा काय बोलंल? लिवलेलं खरं आन् माणूस खोटा, ह्ये कुठलं शिकलासा? उठा!"

मला आजही कळत नाही, दप्तरखान्यातल्या एवढ्या शहाण्या माणसांत राहून हे माझ्या डोक्यात का आलं नव्हतं. ती पेटीतून बाटली काढून आली. आमच्याच घरात एक टांगेवाले चाचा राहायचे, त्यांना तिनं घोडं जोडायला लावलं. चाचा म्हणाले, "आक्का, दुकान तो इधरच हाय, चालत जाऊ की." आक्का म्हणाली, "जाताना चालत जाऊ. येताना टांगा लागंल. तू मागनं ये."

येताना टांगा कशाला लागणार, ते तिनं सांगितलं नाही.

बाजाराचा दिवस होता. दुकानात ही गर्दी! मालक गादीवर, डोक्याला पगडी, नाकावर चष्मा. शांत, सज्जन माणूस, गावात मान होता. आक्कानं गर्दी दोन हातांनी बाजूला सारली आणि बाटली फळीवर ठेवली. कंपाउंडरनं सवयीनं हात पुढं केला.

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी तुज्याकडंच हाय, सा म्हैनं झालं. ह्या पावण्यांचं औषध तू दिलंस म्हंतोस?"

कंपाउंडरनं माझ्याकडे बघितलं. बारीक अंगाचा, सदा घाईत असलेला माणूस. "दिलंय की. वहीत हाय."

"कशात दिलंस?"

"बाटलीत. आनि कशात?"

"कुणाच्या बाटलीत?"

तो थांबला. गर्दीही थांबली.

"ज्येची त्येची," तो म्हणाला. "आमी बाटल्या देत न्हाई. ठाऊक हाय की तुमास्नी."

"ठाऊक हाय म्हणून तर इचारतोय! माज्या घरातनं औषधाला एकच बाटली निघती. ही. तू हिला माज्यापरास जास्त वळखतोस. त्या दिवशी तुज्या दाराला कुलूप, ही रिकामीच माघारी माज्या पेटीत, पेटी म्हशीच्या पाठीवर, म्हस बावड्याच्या रानात. मग तू औषध भरलंस कशात? वंजळीत?"

लोक हसले. मालकांनी चष्मा सारखा केला. "बाई, रागावू नका. आमच्याकडे बाटलीची नोंद असते. कोणाची कशी होती ते लिहून घेतो, नाहीतर अदलाबदल होते. वहीच काढतो, तुमची शंका जाईल." आणि त्यांनी स्वतः वही काढून, पान उलटून, फळीवर आक्कासमोर ठेवली.

आक्कानं वहीकडे बघितलं. तिला अक्षर येत नव्हतं. मग तिनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. फुटाणेवाल्याकडे, दुकानदाराकडे, सगळ्या जगाकडे बेधडक बघणारी ती बाई त्या एका क्षणी माझ्यावर अवलंबून होती.

मी वाकलो. माझं नाव. औषधाचं नाव. चौदा आणे, जमा. पुढं "दिले". आणि त्याच्या पुढं बाटलीचा रकाना.

कोरा!

दप्तरखान्यात माझं सगळं आयुष्य रकान्यांत गेलेलं. भरलेल्या रकान्यांनी फसतो मी, पण कोरा रकाना? तो मला झोपेतही टोचतो. मी वर बघितलं, खाली बघितलं. वरच्या पानावर प्रत्येक नावापुढं बाटली आहे. पांढरी. तपकिरी, लांब मानेची. एका ठिकाणी "हिरवी, टवका", ती आमच्याच घरातली, चाचांच्या खोकल्याच्या वेळची. आणि त्या शेवटच्या दिवशीची नऊ नावं, एकाच शाईनं, एकाच दमात, "दिले, दिले, दिले" आणि पुढं नुसती मोकळी जागा!

"कोरा आहे!" मी ओरडलो. जन्मात एवढ्यानं ओरडलो नव्हतो. "नऊच्या नऊ कोरे! बाटली एकाचीही नाही! मालक, हे एका बैठकीला लिहिलंय, शाई बघा!"

गर्दीतून एक म्हातारा पुढं घुसला. "माजं बी नाव हाय का बघा की, पावणं! मी बी पैसं भरून गेलतो." मी वाचलं, होतं त्याचं नाव! मग काय विचारता, दुकानात एकच गलका. मालक वहीवर वाकले, नऊही ओळींवरून बोट फिरवलं, मग चष्मा काढून कंपाउंडरकडे वळले. तेवढं पुरलं.

"मालक," कंपाउंडरचा आवाज चिरकला, "गाव सोडायचा दिवस. घरी आई आजारी, गाडी दारात हुबी. वही पुरी केल्याबिगर जायचं न्हाई आसा तुमचा नेम. लोकं येतीलच, आल्यावर देऊ म्हणून मी समदी दिलं म्हणून लिवली. परत आल्यावर ध्यानातनं गेलं. मग ह्येंचा सासरा आला, वहीत बघितलं, तर मलाबी वाटलं दिलंच आसंल."

माझा सगळा राग तिथंच गळाला, कारण त्यालाही माझ्याच रोगानं धरलं होतं. स्वतः लिहिलेलं खोटं त्यालाही खरं वाटायला लागलं होतं.

मालकांनी गल्ल्यातून रुपया काढून माझ्यासमोर ठेवला. "माझ्या दुकानाची चूक. माफ करा."

मी घेणार तेवढ्यात आक्कानं रुपया उचलला. "चौदा आणं हुतं. दोन आणं कशाचं?"

"राहू द्या बाई. तुम्हाला त्रास पडला."

"तरासाचं पैसं आमी घेत न्हाई. बाटली भरली आसती तर मी एक शब्द बोललो नसतो. माणूस नेवो, न्हाईतर न नेवो, भरलेल्या बाटलीचा दाम तुमचा. न भरलेल्याचा आमचा. मोड द्या." मोड घेऊन तिनं चौदा आणे माझ्या हातावर ठेवले, दोन आणे फळीवर. वहीतला तो शब्द मालकांकडून खोडून घेतला, आणि मला वाटलं संपलं.

पण ती कंपाउंडरकडे वळली. "पैसं मालकानं परत दिलं. आता तुजं ऱ्हायलं."

"माजं काय?"

"शब्द. तुजा शब्द घिऊन एक माणूस गडमुडशिंगीत बसलाय. त्यो परत आणायचा. चल."

"आता? दुकानात गर्दी..."

"जा," मालक म्हणाले. "औषधं मी भरतो."

बाहेर चाचांचा टांगा उभा होता. येताना टांगा कशाला, ते आता कळलं! मागच्या बाजूला मी, मध्ये कंपाउंडर, पलीकडे आक्का मांडीवर हिरवी बाटली घेऊन. तो पळून जाईल म्हणून आम्ही त्याला मध्ये बसवलं होतं, पण तो पळण्यातला नव्हता. वाटभर तो हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होता. मी कान देऊन ऐकलं, तर सासऱ्यांपुढं काय बोलायचं ते पाठ करत होता. मला त्याची कणव आली, आणि त्याच वेळी टांगा आणखी जोरात का जात नाही म्हणून मी चाचांना डिवचत होतो. "घोडं हाय जी, आगगाडी न्हाय," चाचा म्हणाले, पण चाबूक हवेत फिरवला. शेतांतल्या बायका काम थांबवून बघत होत्या.

सासरे दारात दावं वळत बसले होते. टांगा बघितला, मला बघितलं, आणि दावं वळतच राहिले. मी चौदा आणे पुढं केले.

"पैसं मला काय दावतासा? पैसं कुणाकडनं बी आणता येत्यात."

"म्हणूनच ह्येला आणलंय," आक्का म्हणाली, आणि कंपाउंडरला पुढं ढकललं.

वाटेत पाठ केलेलं सगळं तो विसरला. हात जोडले आणि एका श्वासात बोलला, "पाटील, मी तुमास्नी खोटं सांगितलं. वहीत म्याच खोटं लिवलंतं. ह्येंनी पैसं भरलंतं. औषध ह्येंला मिळालंच न्हाई. आक्काच्या बाटलीनं आज माजं खोटं उघडं पाडलं."

दावं थांबलं. सासरे त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग घसा खाकरून मला म्हणाले, "मग तवाच का बोलला न्हाईसा?"

"बोललो होतो मामा. तुम्ही वहीवर विश्वास ठेवला." आणि खरं ते सांगून टाकलं, "मी पण ठेवला."

आक्का काही तिथं थांबणारी नव्हती. "पाटील, आणि एक ऱ्हायलं. माज्या अंगणात हुबं ऱ्हाऊन तुमी जावयाला एक शब्द बोललासा. पाच बिऱ्हाडांनी ऐकलाय. त्यो माज्या अंगणात तसाच पडलाय. झाडून काढाया मी मोकळा न्हाई."

सासऱ्यांशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ते उठले. धोतरावरची काथ्याची धूळ झटकली. मला वाटलं आता टांग्यासकट आम्हाला वेशीबाहेर घालवणार.

"घेतला," ते म्हणाले. "माघारी घेतला. इथं न्हाय, तुमच्या अंगणात यिऊन घेतो. पाची बिऱ्हाडं गोळा करून ठेवा."

आणि त्याच वेळी आतून बायको बाहेर आली. काखेत गठुडं! एवढ्यात बांधून कधी झालं, असं तिच्या आईनं विचारलं, तर ती खाली बघून म्हणाली, "म्हैना झाला बांधून." मग माझ्याजवळून टांग्याकडे जाताना हळूच, पण आक्काला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "येवढा येळ लागला व्हय, एक बाटली दावायला?"

परत येताना कंपाउंडर पुढं चाचांशेजारी बसला, आणि इतका हलका झाला होता की वाटेत त्यानं गाणं म्हटलं. वाईट म्हटलं, पण म्हटलं. सासरे पुढच्या सोमवारी आले, अंगणात उभे राहिले आणि शब्द घेतला माघारी. आक्कानं त्यांना चहा दिला. दूध घट्ट होतं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. आमची मुलं त्या घरात झाली, त्यांचे ताप, खोकले, सगळं त्या हिरव्या बाटलीतून बरं झालं. आक्का स्वतः कधी औषध घ्यायची नाही. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा बायकोनं तिच्या उशाशी बसून तिच्याच भाषेत दटावलं आणि मग ती पेटीकडे बोट करून म्हणाली, "बाटली न्या. धुतलेली हाय." महाराजांच्या कारकिर्दीतले ते शेवटचे दिवस होते. मी सकाळी त्याच दुकानात बाटली दिली, पैसे भरले. कंपाउंडर आता म्हातारा झाला होता. त्यानं बाटली दोन्ही हातांनी घेतली. "आक्काला? दुपारी या. मी सोता भरतो."

दुपारच्या आत आक्का गेली.

तेरावं झाल्यावर मी दुकानात गेलो. पैशासाठी नाही, बाटलीसाठी. कंपाउंडरनं ती वरच्या फळीवरून उतरवली. काठोकाठ भरलेली, बाहेर कागदाची पट्टी नीट कातरून लावलेली, एकही खाच न वापरलेली. मी काही बोलायच्या आत त्यानं भरलेले पैसे माझ्यापुढं ठेवले.

"घ्या. औषध नेलं न्हाईसा."

दुसरं कुणी असतं तर घेतले असते. पण मी आक्काचा भाडेकरू होतो. "बाटली भरली का न्हाई?"

"भरली की. मीच भरली."

"मग दाम तुमचा." आणि पैसे परत त्याच्याकडे सरकवले. त्याला आठवलं असावं. त्यानं मान हलवली, गल्ला उघडला आणि उपरण्यानं डोळे पुसले.

बाटली घरी आणली. बायकोनं औषध अंगणाच्या कडेला ओतलं. बाटली राखेनं धुतली, पाण्यानं धुतली, नाकाशी धरली, पुन्हा धुतली. उन्हात पालथी घातली. वाळल्यावर हातात घेऊन ती दारात आली आणि आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत राहिलो. धुऊन परत, ही आक्काची अट. परत द्यायची कुणाला?

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून चाचांची सून धावत आली. "ताप चढलाय जी त्येंला. आक्काची बाटली हाय का?"

बायकोनं बाटली तिच्या हातात दिली. "हाय की," ती म्हणाली. "धुऊन परत आणा."